दिव्यांगत्व आणि साहाय्यक उपचारतज्ज्ञ : गैरसमज व वस्तुस्थिती

औषधाने किंवा शस्त्रक्रियेने मूल पूर्ण बरे होणार नाही असे डॉक्टरांनी सांगितले, की आता करण्यासारखे काही उरले नाही असा निष्कर्ष अनेक कुटुंबे काढतात, आणि दिव्यांग व्यक्तीचे सर्वांत मोठे नुकसान याच गैरसमजातून होते. भौतिकोपचारतज्ज्ञ म्हणजे फिजिओथेरपिस्ट, व्यवसायोपचारतज्ज्ञ म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, वाचा व श्रवणतज्ज्ञ, तसेच कृत्रिम अवयव आणि कॅलिपरसारखी आधारसाधने बनवणारे तज्ज्ञ यांच्या कामाचा मोठा भाग नेमका तेथून पुढे सुरू होतो.

सेरेब्रल पाल्सी म्हणजे मेंदूच्या वाढीच्या काळात झालेल्या इजेमुळे हालचाल आणि शरीराची ठेवण यांवर होणारा परिणाम. ही इजा वाढत नाही, म्हणून स्थिती आहे तशीच राहील असे मानले जाते. परंतु हाडांच्या वाढीबरोबर ताठर स्नायू पुरेसे लांबत नाहीत आणि उपचार थांबल्यास सांधे आखडत जाऊ शकतात. भौतिकोपचार म्हणजे शेक आणि मालिश, ही समजूत येथेच अपुरी ठरते, कारण मुलाला कसे बसवावे, आधाराने किती वेळ उभे करावे, कोणते स्प्लिंट केव्हा बांधावे, हे वाढीच्या प्रत्येक टप्प्यावर नव्याने ठरवावे लागते.

व्यवसायोपचाराकडे तर हाताचे व्यायाम किंवा वेळ घालवण्याचे खेळ म्हणून पाहिले जाते. प्रत्यक्षात जेवणासारखी एकच क्रिया हा तज्ज्ञ बारकाईने तपासतो : पाय टेकलेले आहेत का, कमरेला आधार आहे का, चमच्याची मूठ जाड केली तर पकड बसते का, ताटलीला उभी कड लावली तर घास बाहेर न सांडता चमच्यात येतो का. अशा किरकोळ वाटणाऱ्या बदलांनी मूल स्वतःच्या हाताने जेवू लागते, तेव्हा त्याची प्रतिष्ठा वाढते आणि त्याच्या आईचा भारही हलका होतो. हे यश बरे होण्यापेक्षा कमी मोलाचे मानणे अन्यायाचे आहे.

चित्रफलक किंवा बोलणारे उपकरण दिल्यास मूल बोलण्याचा प्रयत्न सोडून देईल, ही भीतीही निराधार आहे. संशोधनातून तसे दिसलेले नाही. उलट काही मुलांच्या बोलण्यात वाढच आढळली आहे. श्रवणदोष असलेल्या मुलाला कॉक्लिअर इम्प्लांट हे उपकरण बसवले की काम संपले, असेही मानले जाते. त्याने ऐकू येऊ लागते, पण ऐकलेल्या ध्वनींना अर्थ जोडण्यासाठी पुढे दीर्घकाळ प्रशिक्षण लागते.

हे सारे तज्ज्ञ डॉक्टरांचे मदतनीस असतात, हा समजही चुकीचा आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांच्या पुढाकाराने 1950 मध्ये व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू झाले, तेव्हापासून ही स्वतंत्र विद्याशाखा भारतात रुजत आली आहे. वाचा व श्रवणतज्ज्ञ, विशेष शिक्षक आदींची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषद करते, तर भौतिकोपचार आणि व्यवसायोपचार यांच्यासह इतर साहाय्यक आरोग्य व्यवसायांसाठी 2021 मध्ये संसदेने राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला.

मूल मोठे झाले की आपोआप सुधारेल या आशेवर थांबणे सर्वांत महागात पडते, कारण पहिल्या काही वर्षांत मेंदूची शिकण्याची क्षमता सर्वाधिक असते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे. मान सावरणे, बसणे किंवा बोलणे यांत उशीर दिसताच पालकांनी तेथे चौकशी करावी, आणि खासगी उपचार घेताना तज्ज्ञाची नोंदणी निःसंकोच विचारून घ्यावी.