टेस्ट पास झाल्या, म्हणजे प्रोग्राम बरोबर?

आजचा भाग कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातल्या मुलामुलींसाठी. विषय आहे लॉजिक आणि प्रूफ. थांबा, लगेच बंद करू नका! बीटेकला असताना मीही इंडक्शन चक्क पाठ केलं होतं. मार्क मिळाले, विषय संपला. तो संपला नव्हता, हे नोकरीत कळलं.

काम साधं होतं. दिवसभराच्या व्यवहारांतली सर्वांत मोठी रक्कम शोधायची. मी 'मोठी = ०' अशी सुरुवात केली. लूपमध्ये त्याहून मोठी रक्कम दिसली की ती ठेवायची. बारा टेस्ट लिहिल्या, सगळ्या पास. मग एके दिवशी एका दुकानाचे फक्त रिफंड आले, म्हणजे सगळ्या रकमा उणे. रिपोर्टमध्ये उत्तर काय? शून्य! शून्य रुपयांचा व्यवहार झालाच नव्हता, आणि तो रिपोर्ट तसाच ग्राहकाकडे गेला.

आता यात लॉजिक कुठे आलं? 'माझा प्रोग्राम बरोबर आहे' याचा खरा अर्थ, 'प्रत्येक यादीसाठी उत्तर बरोबर येतं.' असं 'प्रत्येक'वालं विधान खोटं पाडायला एकच उलट उदाहरण पुरतं. पण यादी कितीही लांब असू शकते, त्यामुळे ते खरं ठरवायला हजार उदाहरणंही पुरत नाहीत.

पटत नाही? ऑयलरच्या नावाने प्रसिद्ध असलेलं हे सूत्र बघा : एन × एन + एन + ४१. एनच्या जागी ० घाला, ४१ येतात. १ घातला की ४३, २ घातले की ४७. सगळ्या मूळ संख्या. असं ३९ पर्यंत चालतं, म्हणजे सलग चाळीस टेस्ट पास! आणि ४० घातले की येतात १६८१, म्हणजे ४१ × ४१. गेलं सूत्र.

मग 'प्रत्येक'बद्दल खात्रीने बोलायचं कसं? इथे इंडक्शन कामाला येतं. लूपबद्दल एक विधान लिहा, जे प्रत्येक फेरीनंतर खरं राहिलं पाहिजे. याला लूप इन्व्हेरिअंट म्हणतात. माझ्या लूपसाठी ते असं : 'आतापर्यंत पाहिलेल्या रकमांपैकी सर्वांत मोठी रक्कम "मोठी"मध्ये आहे.' आता दोनच प्रश्न विचारायचे. एका फेरीआधी हे खरं असेल, तर फेरीनंतरही खरं राहतं का? हो, कारण नवी रक्कम मोठी असेल तर आपण ती ठेवतो, नाहीतर जुनीच राहते. आणि सुरुवातीला खरं आहे का? इथेच माझी चोरी पकडली गेली. सुरुवातीचं शून्य यादीतलं नव्हतंच! 'मोठी'मध्ये यादीतली पहिली रक्कम ठेवली आणि दुसरीपासून लूप चालवला, की प्रूफ पूर्ण. शिवाय एक अट आपोआप समोर आली : यादी रिकामी नको.

म्हणून टेस्ट लिहायच्या सोडू नका हं. प्रूफ कागदावरच्या विचाराचं असतं, टाइप करताना चूक होतेच.

जाता जाता गृहपाठ : बेरीज करणारा लूप मात्र शून्यापासून सुरू केला तरी चालतो. का? इन्व्हेरिअंट लिहून बघा. भेटू पुढच्या भागात!