गवत खाणारे थोडे, गवतावर जगणारे फार

नागपूरहून समुद्र शेकडो मैल दूर, तरी पाण्याखालचं कुरण पाहायला समुद्रच गाठावा लागतो असं नाही. रामटेक ओलांडून पूर्वेला निघालं की मामा तलावांचा मुलूख लागतो. मामा म्हणजे माजी मालगुजारी, पूर्वी मालगुजारांच्या म्हणजे जमीनदारांच्या ताब्यात असलेले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर जिल्ह्याचा काही भाग मिळून असे सहा हजारांवर तलाव आहेत. गोंड राजवटीत कोहळी समाजातल्या जाणत्यांनी ते धानासाठी बांधले आणि मासेमारी करणाऱ्या ढिवरांची चूल त्यातल्या मासळीवर पेटत आली.

या तलावांत हायड्रिलासारख्या पाणवनस्पती तळाशी मुळं धरून वाढतात. हायड्रिलाची एक काडी उपटून बोटांत धरली की पान बुळबुळीत लागतं. तो बुळबुळीत थर म्हणजेच तलावाचं कोठार. त्यात सूक्ष्म शेवाळ असतं, त्यावर चरणारे बारीक जीव, गोगलगायी आणि किड्यांच्या अळ्या असतात. माशांची खरी पंगत इथे बसते. रोहूच्या ओठांना झालर असते, तिने तो पानांवरचा थर खरवडून घेतो. कटल्याचं तोंड वर वळलेलं, म्हणून तो वरच्या पाण्यातले तरंगते जीव गाळून खातो. मृगळ तळ धरून कुजलेला पालापाचोळा चिवडतो. मरळ मात्र शिकारी. झुडपात दबा धरायचा आणि बेडूक किंवा लहान मासा जवळ आला की झडप घालायची, ही त्याची रीत. त्याची पिल्लं सुरुवातीला तरंगत्या जीवांवर जगतात, पुढे किड्यांकडे आणि मग माशांकडे वळतात. ती लहान असताना मरळाची जोडी त्या लालसर थव्याची राखण करते. बोटरी, दाडक, काटवा ही ढिवरांच्या तोंडची नावंही याच गवताच्या आसऱ्यानं टिकलेल्या मासळीची.

समुद्रातही हेच चालतं. पाल्कच्या सामुद्रधुनीत आणि लक्षद्वीपच्या खाजणांत समुद्री गवताची कुरणं आहेत. तिथेही पान थेट खाणारे मासे मोजकेच. बाकीचे पानांवरचं शेवाळ, कोळंबीच्या जातीचे बारीक जीव किंवा एकमेकांना खातात. लक्षद्वीपमध्ये हिरव्या कासवांनी ही कुरणं चरून काढली, तेव्हा मासळी कमी झाल्याची तक्रार कोळ्यांनी केली. संशोधक नचिकेत केळकर, रोहन आर्थर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे केलेल्या अभ्यासात गवताच्या वाढीचा मोठा वाटा कासवंच फस्त करतात, असं दिसून आलं.

आमच्याकडे कुरण संपायला कासवांची गरज पडली नाही. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. 10 जुलै 1957 रोजी शास्त्रज्ञ हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओडिशात संप्रेरकाची सुई देऊन मेजर कार्पचं, म्हणजे रोहू-कटल्याच्या गटातल्या माशांचं, प्रजनन घडवलं. ते यश मोठंच होतं, कारण रोहू-कटला साचल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. पण त्यानंतर मत्स्यशेती म्हणजे दरवर्षी बीज आणून सोडणं, असंच समीकरण होऊन बसलं. गावरान मासे तलावातच वाढतात आणि गवतात पिल्लं वाढवतात, तरी त्यांचा हिशोब कोणी धरला नाही. भरीला 1959 मध्ये हाँगकाँगहून देशात आलेला गवत्या मासा (ग्रास कार्प). घशातल्या दातांनी तो पानासकट सगळं कुरण संपवतो, आणि खाल्लेल्यातलं बरंचसं न पचताच पाण्यात पडतं. तण काढायला त्याचा उपयोग असेल, पण गावरान मासळीच्या तलावात त्याला सोडणं मला घातक वाटतं. काठावर बेशरम नावाच्या झुडपानं पाय पसरले, ते वेगळंच.

हे चक्र उलटं फिरवण्याचं काम गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात झालं. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर यांनी शास्त्र आणि ढिवरांचं ज्ञान एकत्र आणलं. पतिराम तुमसरे यांच्यासारख्या जाणत्या ढिवरांनी कुठली वनस्पती कुठल्या माशाला लागते ते सांगितलं. निमगावच्या शालू कोल्हे यांनी बायांना संघटित केलं. उन्हाळ्यात पाणी आटलं की बेशरम मुळासकट काढायची, तळ नांगरायचा आणि निवडक पाणवनस्पती लावायच्या, असा क्रम. चिखलात उभं राहून एकेक रोप खोचणाऱ्या या बायांनी तलावाला पुन्हा अन्न दिलं. मासळी परतली, पक्षीही परतले. माझ्या मते गेल्या काही दशकांतलं विदर्भातलं हे सर्वांत मोलाचं जलसंशोधन आहे आणि त्याची प्रयोगशाळा गावच्या तलावात आहे.

हिरवं दिसलं म्हणजे भलं, असंही नाही. नागपूरच्या अंबाझरी तलावावर पसरते ती जलपर्णी तरंगती. ती सूर्यप्रकाश अडवते आणि खालचं कुरण मरतं. ती काढलीच पाहिजे. तळाशी रुजलेलं गवत मात्र साफसफाईच्या नावाखाली उपटू नये.

रामटेक, उमरेड, भिवापूरकडच्या मच्छीमार सोसायट्यांना एवढीच विनंती: येत्या पावसाळ्यात बीजाची ऑर्डर देण्याआधी तलावाच्या तळाशी काय उगवलंय ते पाहा, आणि यादीतून गवत्या माशाचं नाव काढून टाका.