टेलफिन, क्रोम आणि गंज

दुसरे महायुद्ध संपल्यापासून 1973च्या तेलटंचाईपर्यंत अमेरिकेत बनलेल्या मोटारी आज जगभर हौसेने जपल्या जातात. 1957ची शेव्हरोले बेल एअर, 1959ची कॅडिलॅक, 1964मध्ये आलेली फोर्ड मस्टँग, 1969ची डॉज चार्जर ही त्यांतली ठळक नावे. ऐसपैस बॉनेट, क्रोमचे झगझगीत बंपर, सोफ्यासारखे सलग आसन आणि व्ही-8 इंजिनाची घरघर यांनी या गाड्यांची मोहिनी घडवली आहे. त्यांच्याविषयी दोन समजुती हटकून ऐकायला मिळतात. जुन्या गाड्या दणकट होत्या, ही एक. आणि त्या कोणालाही घरच्या घरी दुरुस्त करता येत, ही दुसरी. दुसरी बरीचशी खरी आहे, फक्त ती दुरुस्ती वारंवार करावीच लागे, एवढे सांगायचे राहून जाते. पहिली मात्र जवळजवळ उलटी आहे.

या गाड्या टिकण्यासाठी बनवलेल्याच नव्हत्या. जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी 1920च्या दशकातच दर वर्षी मॉडेल बदलण्याचे धोरण रुजवले होते. गाडी मोडली म्हणून नव्हे, तर ती जुनाट दिसू लागली म्हणून ग्राहकाने नवी घ्यावी, असा त्यामागचा हिशेब. कंपनीच्या रचना विभागाचे प्रमुख हार्ली अर्ल यांनी हा हिशेब पत्र्यात उतरवला. लॉकहीड पी-38 या लढाऊ विमानाच्या जुळ्या शेपटीवरून सुचलेले छोटे टेलफिन, म्हणजे गाडीच्या मागच्या बाजूचे उभे पंख, 1948च्या कॅडिलॅकवर आले. पुढे ते वाढत गेले आणि 1959च्या कॅडिलॅकवर त्यांनी कळस गाठला. ती गाडी सुमारे पावणेसहा मीटर लांब होती. अमेरिकी ग्राहक 1934मध्ये एक गाडी सरासरी पाच वर्षे वापरत असे, 1955पर्यंत हा काळ दोन वर्षांवर आला आणि तो एका वर्षावर आला की आपले काम फत्ते, अशा आशयाचे अर्ल यांचे म्हणणे प्रसिद्ध आहे. ज्या वस्तूचा कर्ता तिला इतके अल्प आयुष्य चिंतत होता, तिच्याकडून आजचा हौशी मालक साठ-सत्तर वर्षांच्या सोबतीची अपेक्षा करतो. जुनी अमेरिकी गाडी बाळगण्यातल्या बहुतेक अडचणींचे मूळ इथे आहे.

एक साधा पुरावा डॅशबोर्डवरच असे. त्या काळच्या बहुतेक अमेरिकी गाड्यांत अंतर मोजणाऱ्या यंत्राला मैलांचे पाचच आकडे असत. 99,999 नंतर ते पुन्हा शून्यावर येई. लाख मैल म्हणजे एक लाख साठ हजार किलोमीटर. आजची साधी गाडी हे अंतर विशेष खर्चाशिवाय पार करते, तेव्हा मात्र तो कौतुकाचा विषय होता. त्याच्या खूप आधी इंजिन उघडावे लागे, व्हॉल्व्ह घासावे लागत, पिस्टनच्या रिंगा बदलाव्या लागत.

खरा शत्रू मात्र गंज. पत्र्यावर आजच्यासारखा जस्ताचा संरक्षक थर नसे आणि हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी अमेरिकेच्या उत्तर भागात रस्त्यांवर मीठ टाकले जाते. ते चिखलपाणी दारांच्या खालच्या पोकळीत, चाकांवरच्या कमानीत आणि पायाखालच्या पत्र्यात साचून राही. 1957च्या क्रायस्लर गटाच्या गाड्या याबाबत विशेष बदनाम झाल्या. रूप इतके नवे की स्पर्धक हबकले, पण घाईघाईने उत्पादनात उतरवल्यामुळे पाणी गळणे, भाग नीट न बसणे आणि लवकर गंजणे या तक्रारींनी कंपनीचे नाव बरीच वर्षे काळवंडले. त्याच वर्षी ओक्लाहोमा राज्यातील टल्सा शहराने, राज्याच्या पन्नाशीनिमित्त, एक कोरी करकरीत प्लिमथ बेल्व्हिडिअर न्यायालयाच्या आवारात काँक्रीटच्या तळघरात पुरली. पन्नास वर्षांनी शहराची लोकसंख्या किती असेल याचा सर्वांत जवळचा अंदाज बांधणाऱ्याला ती मिळायची होती. 2007पर्यंत पेट्रोल हा प्रकारच उरला नाही तर पंचाईत नको, म्हणून सोबत पेट्रोलही ठेवले होते. जून 2007मध्ये हजारोंच्या साक्षीने तळघर उघडले, तेव्हा आत पाणी शिरलेले होते आणि गाडीचा गंजलेला सांगाडा उरला होता. अणुबॉम्बलाही दाद देणार नाही असे सांगितले गेलेले ते तळघर साध्या पाण्याला पुरले नाही. गाडी स्वच्छ करण्याचा खटाटोप झाला, पण धातूच इतका खंगला होता की ती पुन्हा रस्त्यावर आणणे अशक्य ठरले. अखेर ती इलिनॉयमधल्या एका संग्रहालयात गेली.

मग आज दिसणाऱ्या जुन्या गाड्या इतक्या धडधाकट कशा? उत्तर सोपे आहे: बाकीच्या भंगारात गेल्या. कोरड्या ॲरिझोनात राहिलेल्या, कमी चाललेल्या, एखाद्या काटेकोर मालकाच्या गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या गाड्या तेवढ्या वाचल्या. आपण पाहतो ते निवडक वाचलेले नमुने आणि त्यावरून निर्णय देतो सगळ्या पिढीविषयी. शिवाय मेळाव्यात चकाकणारी गाडी बहुधा सुटी करून, पत्रा कापून, नवा जोडून पुन्हा उभी केलेली असते. तो दणकटपणा 1957 सालच्या कारखान्याचा नव्हे, अलीकडच्या कारागिराचा असतो.

दणकटपणाच्या समजुतीला सर्वांत जोराचा धक्का 2009मध्ये बसला. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने आपल्या पन्नासाव्या वर्षानिमित्त 1959ची शेव्हरोले बेल एअर आणि 2009ची शेव्हरोले मॅलिबू यांची समोरासमोर, अर्धवट बाजूने टक्कर घडवली. दोन्हींचा वेग ताशी सुमारे 64 किलोमीटर होता. जाड पत्र्याच्या बेल एअरचा प्रवासी कक्षच चुरगळला, स्टिअरिंग आणि डॅशबोर्ड चालकाच्या जागी बसवलेल्या पुतळ्याच्या अंगावर आले. त्या जागी माणूस असता तर वाचला नसता. मॅलिबूच्या चालकाला मात्र पायाला किरकोळ दुखापत झाली असती. जुन्या गाडीचे इंजिन आधीच काढून टाकले होते, अशी हाकाटी शौकिनांनी केली. प्रत्यक्षात तिच्यात सहा सिलिंडरचे इंजिन होते. पत्रा किती जाड, यावर सुरक्षा ठरत नाही. पुढचा भाग ठरल्याप्रमाणे चेपत जाऊन धक्का शोषतो की नाही आणि प्रवाशांभोवतीचा पिंजरा शाबूत राहतो की नाही, यावर ती ठरते. बेल एअरची चौकट इंग्रजी एक्स अक्षराच्या आकाराची होती, तिला बाजूंचे दांडे नव्हते.

त्या काळच्या गाडीत पट्टे बहुधा नसत, डॅशबोर्ड धातूचा असे आणि स्टिअरिंगचा सरळ दांडा टक्कर होताच चालकाच्या छातीवर येई. मोटारींच्या धोकादायक रचनेवर बोट ठेवणारे राल्फ नेडर यांचे ‘अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड’ हे पुस्तक 1965मध्ये आले, पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वाहन सुरक्षेच्या कायद्यावर सही केली आणि 1968पासून पट्टे व दाबले जाणारे स्टिअरिंगचे दांडे सक्तीचे झाले. 1966 साली अमेरिकेत दर दहा कोटी मैल प्रवासामागे साडेपाच माणसे मरत. 2019मध्ये हे प्रमाण सुमारे 1.1 होते. रस्ते आणि रुग्णसेवा यांचाही या घटीत वाटा आहे, पण गाडीच्या रचनेचा वाटा मोठा आहे.

ब्रेकचा अनुभव तर पहिल्या फेरीतच येतो. दोन टनांच्या आसपास वजनाच्या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक असत. घाटउतारावर ते दोन-चार वेळा जोराने दाबले की तापतात आणि पकड सोडू लागतात. भिजले तर एका बाजूला ओढतात. 1967पूर्वीच्या बहुतेक गाड्यांत ब्रेकच्या तेलाचा एकच मार्ग असे. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. त्यात स्टिअरिंग ढिले आणि टायर जुन्या धाटणीचे, रस्त्यावरच्या खाचेमागे भरकटणारे. वायपर अनेकदा इंजिनाच्या निर्वात ओढीवर चालत. म्हणजे मुसळधार पावसात चढावर ॲक्सिलरेटर दाबावा आणि नेमके तेव्हाच वायपर मंदावावेत.

रोजच्या वापरातला वेळ खातात ते कार्ब्युरेटर आणि इंजिनातली ठिणगी नियंत्रित करणारे प्लॅटिनम पॉइंट. थंडीत चोक ओढायचा, इंजिन गरम होईपर्यंत थांबायचे. उन्हाळ्याच्या वाहतूककोंडीत पेट्रोलची नळीतच वाफ झाली की गाडी बंद. पॉइंटची फट ठरावीक मैलांनी जुळवावी लागे, सांध्यांना ग्रीस भरावे लागे. तेव्हाच्या मालकाला यात वावगे वाटत नसे, कारण गल्लीच्या तोंडाशी पेट्रोलपंपावरच मेकॅनिक असे. आज तो मेकॅनिक निवृत्त झाला आहे. संगणक जोडून दोष शोधणाऱ्या तरुण कारागिराला कार्ब्युरेटर कानाने जुळवता येत नाही आणि ज्याला येतो तो त्याप्रमाणे पैसे घेतो. इंधनही बदलले. शिसेयुक्त पेट्रोलवर अमेरिकेत 1996मध्ये रस्त्यावरच्या वाहनांसाठी पूर्ण बंदी आली. जुन्या इंजिनात तेच शिसे व्हॉल्व्हच्या बैठकीची झीज रोखत असे, त्यामुळे अशा इंजिनात कठीण धातूच्या बैठका बसवून घेणे शहाणपणाचे मानले जाते. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल जुन्या रबरी नळ्या आणि पडदे खराब करते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर हा त्रास वाढतो, आणि हौसेची गाडी उभीच जास्त असते.

ताकदीच्या आकड्यांतही बरीच भर आठवणींची नसून जाहिरातींची आहे. 1971पर्यंत अश्वशक्ती मोजताना इंजिन चाचणीच्या ठोकळ्यावर ठेवून, एअर फिल्टर, सायलेन्सर, पंखा वगैरे भार वगळून मोजत. 1972पासून हे सगळे जोडून मोजणे रूढ झाले. कॅडिलॅक एल्डोराडोचे 8.2 लिटरचे इंजिन 1971मध्ये 365 अश्वशक्तीचे म्हणवले जाई. जवळजवळ तेच इंजिन 1972मध्ये 235चे झाले. पेट्रोलची भूक मात्र कागदावर कमी होणारी नव्हती. 1970च्या दशकाच्या पूर्वार्धात नव्या अमेरिकी गाड्यांची सरासरी लिटरमागे सहा किलोमीटरच्याही आत होती. ऑक्टोबर 1973मध्ये अरब देशांनी तेल रोखले आणि या गाड्या रातोरात ओझे वाटू लागल्या. योगायोग असा की 1962 सालच्या तरुणाईची आणि तिच्या मोटारींची आठवण जागवणारा ‘अमेरिकन ग्रॅफिटी’ हा चित्रपट त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये लागला होता. गाड्या वापरात असतानाच त्यांचे स्मरणरंजन सुरू झाले होते.

पैशाचे गणित बहुतेकांचे चुकते ते लिलावाच्या बातम्यांमुळे. 1971ची हेमी इंजिनाची प्लिमथ कुडा कन्व्हर्टिबल 2014मध्ये 35 लाख डॉलरना विकली गेली, कारण 1971 सालच्या तशा जेमतेम अकरा बनल्या होत्या. त्याच काळातल्या चार दारांच्या साध्या सेडानला असे भाग्य नाही. तिच्या डागडुजीला मात्र तितकाच खर्च येतो: क्रोम चढवणाऱ्याला किंवा पत्रा ठोकणाऱ्याला गाडीच्या बाजारभावाशी देणेघेणे नसते. सुट्या भागांचेही विचित्र आहे. ज्या गाड्या मुळात लाखोंनी खपल्या, त्यांचे सगळे मिळते. पहिल्या पिढीच्या मस्टँग किंवा शेव्हरोले कॅमेरोचा तर संपूर्ण सांगाडा आज नवा बनवून मिळतो. कमी खपलेल्या ओल्ड्समोबिलची एक पट्टी मात्र वर्षभर शोधूनही हाती लागत नाही. दुर्मीळ गाडी घेण्यापेक्षा सर्वसामान्य गाडी घ्यावी, हा जाणत्यांचा सल्ला त्यातूनच आला. ते खरेदीच्या वेळी लोहचुंबक घेऊन जातात: जिथे तो चिकटत नाही तिथे रंगाखाली पत्रा नसून लांबी भरलेली असते. इंजिनावरचा आणि चौकटीवरचा क्रमांक जुळतो का, हेही पाहावे लागते. साध्या मॉडेलला महागड्याचे बिल्ले लावून विकणे हा जुना धंदा आहे.

क्यूबात या गाड्या हौसेपोटी टिकल्या नाहीत. 1960 ते 1962 या काळात अमेरिकेने व्यापारबंदी लादली आणि नव्या गाड्या, सुटे भाग सगळेच थांबले. शिवाय 2011पर्यंत तेथील नागरिकांना मोकळेपणाने खरेदी-विक्री करता येत असे ती 1959च्या क्रांतीपूर्वीच्या गाड्यांचीच. त्यामुळे हवानाच्या रस्त्यावर शेव्हरोले आणि ब्यूक धावत राहिल्या. पर्यटक ज्यांचे फोटो काढतात त्यांतल्या अनेकींच्या बॉनेटखाली सोव्हिएत गाडीचे किंवा एखाद्या ट्रॅक्टर-जातीचे डिझेल इंजिन असते आणि ब्रेकचे भाग हाताने घडवलेले असतात. मालकासाठी ती रोजीरोटीची शेअर टॅक्सी असते.

मुंबईचा या गाड्यांशी संबंध जुना. जनरल मोटर्सने 1928मध्ये शिवडीला जोडणी कारखाना काढला होता, तो 1954मध्ये बंद झाला. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने क्रायस्लरशी करार करून कुर्ल्यात डॉज, प्लिमथ आणि डिसोटो जोडल्या. आयात आवळली गेल्यावर मोठी अमेरिकी गाडी ही सिनेनट आणि धनिकांची मिरास उरली. शेव्हरोलेच्या एका मॉडेलचे ‘इम्पाला’ हे नावच श्रीमंतीचा पर्याय झाले. पुढे पेट्रोल महागले तशा इथेही अनेक गाड्यांत डिझेल इंजिने चढली, क्यूबासारखीच. त्या काळी ती शहाणी तडजोड होती. आज तिचाच अडसर होतो. केंद्र सरकारने जुलै 2021मध्ये काढलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या वाहनाला ‘व्हीए’ अक्षरांची व्हिंटेज नोंदणी मिळते. शुल्क 20 हजार रुपये, मुदत दहा वर्षे, नूतनीकरण 5 हजार. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांसाठी गाडी रस्त्यावर आणता येते, रोजच्या किंवा व्यावसायिक वापराला मनाई आहे. आणि अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी: चौकट, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. डिझेलवर जगलेल्या इम्पालाच्या मालकाला आता मूळ व्ही-8 इंजिन शोधत फिरावे लागते.