घराचा वाटा आधी : हरसूल भागातील पिके व सकस आहार

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम भागात, सह्याद्रीच्या डोंगररांगांत, त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरसूल हे बाजाराचे गाव वसले आहे. कोकणा, महादेव कोळी, वारली व ठाकर या समाजांची वस्ती सभोवारच्या पाड्यांतून पसरलेली आहे. पाऊस येथे भरपूर पडतो. परंतु जमीन उताराची व मुरमाड असल्यामुळे पाणी टिकत नाही. खाचरांत भात आणि वरकस जमिनीवर नागली, वरई, उडीद, कुळीथ, तूर व खुरासणी ही येथील परंपरागत पिके होत. सुगी आटोपल्यावर अनेक कुटुंबे मजुरीसाठी दिंडोरी, निफाडकडील द्राक्षबागांत जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात.

अशा भागात आहाराचा प्रश्न केवळ पोट भरण्याचा नसतो. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ साली संमत झाला. त्यान्वये प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो धान्य मिळते. उपासमारीचे भय त्यामुळे पुष्कळ कमी झाले, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु पोट भरणे आणि शरीराचे पोषण होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांपैकी ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. हे आकडे संपूर्ण राज्याचे आहेत. डोंगराळ व आदिवासी भागांना तर त्यांची आच अधिकच लागते.

हरसूलच्या शेतांत जे पिकते, त्यात ही उणीव भरून काढण्याचे सामर्थ्य आहे. मात्र ते धान्य बाजारात जाण्यापूर्वी घराचा वाटा बाजूस ठेवला गेला पाहिजे.

शरीराला कशाची गरज असते ?

महाविद्यालयात आहारशास्त्राचा पहिला पाठ घेणाऱ्या विद्यार्थ्याला जे शिकवितात, ते शेतकऱ्यास समजण्यास मुळीच कठीण नाही. पिकाला ज्याप्रमाणे नत्र, स्फुरद व पालाश ही निरनिराळी खते लागतात आणि एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही, त्याचप्रमाणे शरीरासही निरनिराळी अन्नद्रव्ये लागतात.

पिष्टमय पदार्थ व स्निग्ध पदार्थ यांपासून काम करण्याची शक्ती मिळते. ही शक्ती उष्मांकांत, म्हणजे कॅलरींत, मोजतात. भात, भाकरी, कंदमुळे व गूळ हे पिष्टमय आणि शर्करायुक्त पदार्थ होत. तेल, तूप व तेलबिया हे स्निग्ध पदार्थ होत. प्रथिनांपासून शरीराची वाढ होते व झीज भरून निघते. कडधान्ये, दूध, अंडी, मासे व मांस यांत ती विपुल असतात. क्षारांपैकी कॅल्शियम हाडांसाठी व लोह रक्तासाठी आवश्यक आहे. जीवनसत्त्वे अत्यल्प प्रमाणात लागतात. परंतु त्यांच्यावाचून शरीराचा व्यवहार चालत नाही.

मध्यम स्वरूपाचे अंगमेहनतीचे काम करणाऱ्या स्त्रीस दररोज सुमारे २,१३० व पुरुषास सुमारे २,७१० उष्मांक लागतात, असे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद व हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली ठरविले आहे. स्त्रीस प्रथिने सुमारे ४६ ग्रॅम, पुरुषास ५४ ग्रॅम व दोघांनाही कॅल्शियम १,००० मिलिग्रॅम हवे. लोह मात्र पुरुषास १९ मिलिग्रॅम, तर स्त्रीस २९ मिलिग्रॅम लागते. ज्या घरात स्त्रिया सर्वांच्या शेवटी, उरेल ते जेवतात, त्या घराने हा शेवटचा आकडा विशेष ध्यानात ठेवावा.

पांढऱ्या तांदळाचा धडा

गिरणीत सडून शुभ्र केलेला तांदूळ दिसण्यास सुंदर असतो. परंतु कोंड्याबरोबर त्यातील ‘ब’ जीवनसत्त्व व क्षार बऱ्याच अंशी निघून जातात. जावा बेटात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आइकमान या डच वैद्याने पाहिले की, केवळ सडलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासह तांदूळ दिल्यास त्या बऱ्या होतात. या संशोधनाबद्दल त्यास १९२९ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. भारतात रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी १९१८ साली निलगिरीतील कुन्नूर येथे या रोगासंबंधी संशोधनास आरंभ केला. पुढे त्यांनी देशातील निरनिराळ्या प्रांतांचे आहार उंदरांना घालून त्यांच्या वाढीची तुलना केली. न चाळलेल्या गव्हाची पोळी, डाळ, दूध व भाजीपाला यांवर वाढलेले उंदीर धष्टपुष्ट झाले. मुख्यतः तांदळावर वाढलेले उंदीर खुरटले. कुन्नूरचीच ही संस्था १९५८ साली हैदराबादला आली व १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली.

याचा अर्थ भात वर्ज्य करावा असा नव्हे. भात हे उत्तम शक्तिदायक अन्न आहे. ताटात एकटा भात असणे, हा खरा दोष होय.

नागली : डोंगराचे धन

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांनुसार १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम व ४.६ मिलिग्रॅम लोह असते. तितक्याच सडलेल्या तांदळात कॅल्शियम ८ मिलिग्रॅमही नसते व लोह जेमतेम ०.७ मिलिग्रॅम असते. दुधाची टंचाई असलेल्या भागात हाडांच्या बळकटीसाठी नागलीसारखे दुसरे धान्य नाही. असे असता नागली म्हणजे गरिबाचे काळे अन्न, अशी समजूत पसरली. पाहुणा आला की भात आणि घरच्यांना भाकरी, असा भेद पडला आणि हळूहळू भाकरीही मागे पडू लागली. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. शहरांतील दुकानांत नागलीचे पीठ व बिस्किटे आता चढ्या भावाने विकली जातात. ज्यांनी हे धान्य पिढ्यान्‌पिढ्या राखले, त्यांच्याच मुलांच्या ताटातून ते नाहीसे व्हावे, हे योग्य नव्हे.

नागलीत काही द्रव्ये अशीही असतात की, ज्यांच्यामुळे तिच्यातील लोह शरीरास पूर्णपणे मिळत नाही. यावर उपाय घरातच आहे. नागली भिजवून मोड आणल्यास अथवा पीठ आंबवून आंबील केल्यास ही अडचण बरीच कमी होते. जेवणात लिंबू, आवळा किंवा कच्चा आंबा असल्यास त्यातील ‘क’ जीवनसत्त्वामुळे लोह अंगी लागते. याउलट, जेवणाबरोबर घेतलेला चहा लोह अंगी लागू देत नाही. यास्तव चहा जेवणापासून तास-दोन तास दूर ठेवावा.

धान्यास कडधान्याची जोड

प्रथिने ही लहान लहान घटकांची बनलेली असतात. धान्यात एक घटक कमी असतो, तर कडधान्यात दुसरा. दोन्ही एकत्र खाल्ल्यास एकाची उणीव दुसरे भरून काढते. तीन भाग धान्य व एक भाग कडधान्य हे प्रमाण सर्वसाधारणपणे योग्य मानले जाते. उडीद व कुळीथ यांच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. कुळथात लोहही चांगले असते. भाकरीबरोबर कुळथाचे पिठले, उडदाचे वरण किंवा मोड आलेल्या कडधान्याची उसळ हा साधा मेळ शास्त्रास पूर्णपणे धरून आहे. खुरासणीच्या बियांत तेल विपुल असते. तिची चटणी कोरड्या भाकरीस चव आणते व उष्मांकांची भर घालते.

पुढील हिशेब पाहावा. एखादी स्त्री दिवसभरात ५०० ग्रॅम पांढऱ्या तांदळाचा भात पातळ कालवणाबरोबर जेवली, तर भातातून तिला सुमारे १,७८० उष्मांक व ४० ग्रॅम प्रथिने मिळतात. परंतु कॅल्शियम ४० मिलिग्रॅमही मिळत नाही. तीच स्त्री २५० ग्रॅम नागली, २०० ग्रॅम तांदूळ, ८० ग्रॅम कडधान्य, ३० ग्रॅम तेल व १०० ग्रॅम पालेभाजी असे अन्न घेईल, तर तिला सुमारे २,१०० उष्मांक, ५० ग्रॅमहून अधिक प्रथिने व सुमारे १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. पोट दोन्ही वेळा भरते. पोषण मात्र एकाच वेळी होते.

रानभाज्या व परसबाग

पावसाळ्याच्या आरंभी घरातील धान्य सरत आलेले असते. त्याच वेळी रान हिरवे होते व टाकळा, कुर्डू, शेवळ, तेरे यांसारख्या भाज्या मिळतात. पालेभाज्यांतून लोह, कॅल्शियम व डोळ्यांस हितकर असे ‘अ’ जीवनसत्त्व मिळते. शेवळ व तेरे यांना खाज असते. म्हणून घरातील जाणत्या स्त्रिया ती आंबट घालून व पुरेशी शिजवून करतात. ही जुनी रीत मोडू नये आणि अनोळखी वनस्पती केव्हाही खाऊ नये.

परसात शेवग्याचे एक झाड, एक लिंबू व दोन पपया असाव्यात. शेवग्याच्या १०० ग्रॅम पाल्यात ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. न्हाणीचे पाणी या झाडांस दिल्यास उन्हाळ्यातही ती तग धरतात. भाजी आधी धुवावी व मग चिरावी. भाताची पेज फेकून देऊ नये; तिच्याबरोबर जीवनसत्त्वेही वाया जातात.

माता व बालक

कुपोषणाचा पाया बहुधा गरोदरपणात व मुलाच्या पहिल्या दोन वर्षांत घातला जातो. या काळात राहिलेली उणीव पुढे पूर्णपणे भरून काढणे कठीण असते. गरोदर स्त्रीस दररोज सुमारे ३५० उष्मांक अधिक लागतात. नागलीची एक मोठी भाकरी व वाटीभर उसळ एवढ्याने ते मिळतात. अधिक खाल्ल्यास मूल मोठे होऊन बाळंतपण अडेल, ही समजूत अनेक घरांत अद्याप आहे. तिच्यामुळे माता अशक्त होते व मूल कमी वजनाचे जन्मते.

प्रसूतीनंतरचे पहिले पिवळसर दूध बाळास अवश्य पाजावे. सहा महिने पूर्ण होईपर्यंत केवळ आईचे दूध द्यावे. वरचे पाणीही देऊ नये. सहा महिन्यांनंतर दूध चालू ठेवून वरचे अन्न सुरू करावे. मोड आणून, वाळवून, भाजून दळलेल्या नागलीचे सत्त्व, त्यात डाळीचे पीठ व थोडे तेल किंवा तूप घातल्यास बालकास उत्तम खाद्य होते. बालकाचे पोट लहान असते; म्हणून त्यास दाट अन्न थोडे थोडे व दिवसातून अनेक वेळा भरवावे. पातळ पेजेने पोट फुगते, बाळ वाढत नाही. पाणी उकळून गार केलेले असावे. कारण वारंवार हगवण लागल्यास खाल्लेले अंगी लागत नाही.

२०१५ साली सुरू झालेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेखाली आदिवासी क्षेत्रातील गरोदर व स्तनदा मातांसाठी अंगणवाडीत एक वेळच्या चौरस जेवणाची सोय केलेली आहे. त्याचा लाभ अवश्य घ्यावा. मात्र ते जेवण घरच्या जेवणाच्या ऐवजी नसून त्याच्या जोडीला आहे.

सुगीच्या वेळी करावयाचा हिशेब

पाच माणसांच्या घरास माणशी दररोज ५० ग्रॅम धरल्यास वर्षाला सुमारे ९० किलो कडधान्य लागते. नागली माणशी १५० ग्रॅम धरल्यास वर्षाला सुमारे पावणेतीन क्विंटल लागते. खळ्यावरून धान्य उचलताना प्रथम एवढा वाटा कणगीत भरावा व उरलेले विक्रीस न्यावे. सुगीत भाव पडलेला असताना उडीद विकून आषाढात तीच डाळ चढ्या दराने घेणे, हा दुहेरी तोटा होय. कडधान्य कडक उन्हात वाळवून, राख मिसळून अथवा तेलाचा हात लावून ठेवल्यास भुंग्याचा उपद्रव कमी होतो. मजुरीसाठी बाहेरगावी जाताना नागलीचे पीठ व कडधान्य बरोबर न्यावे. कारण परगावी मुलांच्या खाण्याची आबाळ याच काळात सर्वाधिक होते.

ज्या वर्षी घरची नागली पुरणार नाही, त्या वर्षी क्षेत्र न वाढविताही उपाय करता येतो. निवडक बियाणे, वेळेवर लावणी व ओळीत रोपे ही त्रिसूत्री पाळावी. नागलीच्या शेतात व बांधावर उडीद आणि तूर घ्यावी. इगतपुरी येथील कृषी संशोधन केंद्रात भात व नागली या पिकांवर काम होते. तेथील शिफारशी पाड्यापाड्यांत पोहोचविणे हे गावपातळीवरील कार्यकर्त्याचे कर्तव्य आहे.

कार्यकर्त्यांनी केवळ उत्पन्नाचे आकडे घेऊन थांबू नये. पीक किती आले याबरोबरच त्यातील किती घरात राहिले, हेही विचारावे. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती व शेतीचा कार्यकर्ता यांनी वर्षातून दोनदा, पेरणीपूर्वी व सुगीनंतर, एकत्र बसून आपापल्या पाड्यातील मुलांची वजने व घरांतील साठा यांचा मेळ घालावा. पाड्यांतील जी मुलेमुली आज महाविद्यालयात जाऊ लागली आहेत, त्यांनी पुस्तकातील आहाराचा धडा आपल्या घरी समजावून सांगावा. आईने नेहमी केलेली भाकरी व उसळ हीच पुस्तकातील शिकवण आहे, हे त्यांच्या तोंडून ऐकल्यास त्या भाकरीची प्रतिष्ठा घरात पुन्हा वाढेल.

शेतकऱ्याने जमिनीचा कस जसा जपावा, तसाच घरातील माणसांचाही कस जपावा. बी राखून ठेवल्याशिवाय जसे पुढचे पीक येत नाही, तसेच घराचा वाटा राखून ठेवल्याशिवाय पुढची पिढी सुदृढ होणार नाही.