पीतबिंदूतील रंगद्रव्य आणि त्याचे मोजमाप

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला जे दृष्टिपटल असते, त्याच्या मध्याजवळच्या सुमारे साडेपाच मिलिमीटर व्यासाच्या भागाला पीतबिंदू म्हणतात. सुईत दोरा ओवणे, एसटीची पाटी वाचणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे ही बारीक नजरेची कामे याच भागावर अवलंबून असतात. त्याचा पिवळेपणा ल्युटीन, झियाझँथिन आणि मेसो-झियाझँथिन या तीन रंगद्रव्यांचा. हे रंगद्रव्य वनस्पतींत आढळणाऱ्या झँथोफिल गटातले असल्याचे जॉर्ज वॉल्ड यांनी १९४५ मध्ये दाखवले.

या रंगद्रव्याची कामे दोन. प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या पुढेच त्याचा थर असल्याने त्या पेशींपर्यंत पोहोचण्याआधीच निळा प्रकाश बराचसा गाळला जातो. सुमारे ४६० नॅनोमीटर लांबीच्या निळ्या लहरी ते सर्वांत जास्त शोषते. दुसरे म्हणजे, प्रकाश आणि प्राणवायू यांच्या संयोगातून तयार होणारे घातक रेणू ते निष्प्रभ करते. निळा प्रकाश म्हटले की हल्ली मोबाइल आठवतो. पण शिरोळ-कागलकडे भर उन्हात उसाच्या फडात राबणाऱ्याच्या डोळ्यांत मोबाइलच्या पडद्यापेक्षा कितीतरी अधिक निळा प्रकाश जातो.

जिवंत डोळ्यातून रंगद्रव्य काढून मोजता येत नाही. म्हणून ते किती प्रकाश अडवते, यावरून त्याची घनता ठरवतात. ही घनता लॉगरिथमच्या मापात सांगितली जाते. ०.३ म्हणजे निळा प्रकाश निम्मा अडला, ०.६ म्हणजे चौथा हिस्साच आत पोहोचला आणि १ म्हणजे जेमतेम दहावा हिस्सा. बहुतेकांची मध्यबिंदूजवळची घनता ० ते १ या पट्ट्यात येते.

सर्वांत रुळलेली पद्धत लुकलुकत्या प्रकाशाची. तपासणीसाठी बसलेल्या माणसाला एका डोळ्याने यंत्रात एक लहानशी चकती दिसते. तिच्यात निळा आणि हिरवा प्रकाश झपाझप आलटून पालटून येत असल्याने ती लुकलुकते. समोरचा खटका फिरवून निळा प्रकाश कमी-जास्त करायचा आणि लुकलुक थांबली, किंवा अगदी कमी झाली, की तिथे थांबायचे. मध्यभागी रंगद्रव्य दाट असेल तर त्यातून पार होण्यासाठी निळा प्रकाश जास्त लागतो. मग नजर बाजूच्या ठिपक्यावर ठेवून हेच पुन्हा करायचे. आता चकतीची प्रतिमा मध्यापासून दूर, रंगद्रव्य जवळजवळ नसलेल्या जागी पडते. मध्यभागी दुप्पट निळा प्रकाश लागला असेल तर घनता ०.३, चौपट लागला तर ०.६.

या पद्धतीत डोळ्यात बाहुली मोठी करणारे थेंब घालावे लागत नाहीत. दोन्ही मोजण्या त्याच भिंगातून होत असल्याने भिंगाच्या पिवळेपणाचा परिणामही बराचसा आपोआप वजा होतो. मात्र तपासून घेणाऱ्याचे लक्ष ढळले की आकडा डळमळतो, म्हणून अनेक नोंदी घेऊन सरासरी काढतात.

दुसऱ्या पद्धतींत उत्तर माणसाच्या सांगण्यावर अवलंबून नसते. एकीत दृष्टिपटलामागच्या थरातून उमटणाऱ्या मंद प्रकाशाचे दोन वेगवेगळ्या लहरींनी छायाचित्र घेतात. रंगद्रव्य जिथे दाट, तिथे प्रकाश कमी उमटतो. आणखी एक पद्धत सर सी. व्ही. रामन यांनी १९२८ मध्ये शोधलेल्या परिणामावर उभी आहे. सौम्य लेसर रंगद्रव्यावर सोडला की परत येणाऱ्या प्रकाशाच्या लहरींची लांबी विशिष्ट प्रमाणात बदलते आणि त्यावरून रंगद्रव्य किती ते कळते. प्रत्येक पद्धतीचे आकडे वेगळे येतात, त्यामुळे एका यंत्राचा आकडा दुसऱ्याशी ताडून पाहण्यात अर्थ नसतो.

निरोगी डोळ्यांची मोजणीही महत्त्वाची. सर्वसाधारण घनता किती, हे माहीत असल्याशिवाय कमी कशाला म्हणायचे ते ठरत नाही, आणि परदेशातला आकडा इथल्या आहाराला जसाच्या तसा लावता येत नाही. चेन्नईच्या शंकर नेत्रालयाने दक्षिण भारतातील निरोगी व्यक्तींची अशी मोजणी करून २०११ मध्ये प्रसिद्ध केली. अशा मोजण्यांतून दिसते ते हे की, घनता अगदी मध्याला सर्वांत जास्त असते, बाहेर जाताना झपाट्याने उतरते आणि दोन निरोगी माणसांतही तिच्यात मोठा फरक असू शकतो.

हा फरक काही अंशी खाण्यातून येतो, कारण शरीर ल्युटीन स्वतः तयार करू शकत नाही. आनुवंशिकतेचाही त्यात वाटा असतो. धूम्रपान करणाऱ्यांत आणि लठ्ठ व्यक्तींत घनता सहसा कमी आढळते. निपाणीच्या तंबाखूची विडी ओढणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. अर्धी वाटी शिजवलेल्या पालकात सुमारे १० मिलिग्रॅम ल्युटीन असते. कपिलतीर्थ मंडईत मिळणारी मेथी, पालक, शेपू या जुड्या हाच कोल्हापूरकरांसाठी त्याचा सोपा साठा. ल्युटीन स्निग्ध पदार्थांबरोबर शोषले जाते, त्यामुळे तेलाची फोडणी किंवा शेंगदाण्याचे कूट घातलेली मेथी फायद्याची. अंड्याच्या पिवळ्या बलकात ते थोडेच असते, पण अंगी चांगले लागते. गोळ्यांमधले ल्युटीन बहुतांशी झेंडूच्या पाकळ्यांतून काढतात.

त्या गोळ्यांची मोठी परीक्षा अमेरिकेत झाली. उतारवयात पीतबिंदू झिजण्याचा धोका असलेल्या चार हजारांहून अधिक लोकांवरील या अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. आधीपासून वापरात असलेल्या जीवनसत्त्व-जस्ताच्या मिश्रणात १० मिलिग्रॅम ल्युटीन व २ मिलिग्रॅम झियाझँथिन घातल्याने एकूण धोका आणखी घटला नाही. आहारात ही द्रव्ये फारच कमी असलेल्यांत मात्र फायदा दिसला. जुन्या मिश्रणातील बीटा-कॅरोटीनमुळे पूर्वी धूम्रपान केलेल्यांत फुप्फुसाचा कर्करोग अधिक आढळला. म्हणून आता त्याऐवजी ल्युटीन-झियाझँथिन वापरतात.

घनता कमी आली म्हणजे आजार झाला असे नव्हे, आणि चांगली आली म्हणून तपासणी टाळणेही योग्य नव्हे. निरोगी माणसाने केवळ आकड्यासाठी गोळ्या सुरू करू नयेत. चाळिशीनंतर कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाच्या नेत्रविभागात किंवा जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडे नियमित तपासणी करावी. अधूनमधून एक डोळा झाकून खिडकीच्या गजांकडे पाहावे. सरळ गज वाकडे दिसले किंवा मधोमध डाग दिसला, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे.