दगडातली अंकलिपी

ब्रुसेल्स शहराच्या मध्यवर्ती चौकाला फ्रेंच भाषेत 'ग्राँ प्लास' आणि डच भाषेत 'ग्रोटे मार्क्ट', म्हणजे मोठा बाजार, असे म्हणतात. सुमारे 110 मीटर लांब आणि 68 मीटर रुंद असलेल्या या फरसबंद चौकात 1959 पर्यंत खरोखरच बाजार भरत असे. 1998 मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. जगभरातून माणसे तो पाहण्यासाठी येतात. त्यांत गेल्या जूनमध्ये सांगलीचे एक निवृत्त दांपत्य होते, आणि त्यांच्यासोबत होती त्यांची दहा महिन्यांची नात.

आजोबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, आजी प्राथमिक शाळेतल्या शिक्षिका. लेक आणि जावई दोघेही ब्रुसेल्समध्ये नोकरीला. बेल्जियममध्ये प्रसूती रजा पंधरा आठवड्यांची असते. ती संपल्यापासून बाळ पाळणाघरात जाऊ लागले होते. आजी-आजोबा आल्यावर दुपार त्यांच्या वाट्याला आली. नात आजीकडे दोन दिवसांत रुळली, आजोबांना मात्र ती जवळ फिरकू देईना. दहा महिने रोज रात्री मोबाइलच्या पडद्यावर ज्यांना पाहून ती खिदळत असे, ते आजोबा हाडामांसाचे होऊन समोर उभे राहिले, तेव्हा तिने भोकाड पसरले. या वयात मुलांना ओळखीचे आणि अनोळखी यांतला फरक नुकताच कळू लागलेला असतो आणि अनोळखी माणसाची भीती वाटणे हे निकोप वाढीचेच लक्षण होय, हे आजोबांना समजत होते. तरीही परतीला नऊ दिवस उरले होते, आणि हा हिशेब त्यांच्या मनातून जात नव्हता.

त्या दिवशी लेकीला सुट्टी नव्हती. "चौक बघून या, सकाळी लवकर जा, गर्दी नसते," असे तिने सुचवले. आजोबांनी आदल्या रात्री वहीत टिपणे काढली: नगरभवनाचा 96 मीटर उंच मनोरा, त्याच्या टोकावरील संत मायकेलची मूर्ती, राजगृह, व्यापाऱ्यांची घरे. मध्यवर्ती रेल्वेस्थानकापासून चौक पायी पाच-सात मिनिटांवर आहे. 1990 पासून तेथे वाहनांना प्रवेश नाही, म्हणून लहान मूल घेऊन जाणाऱ्याला ती जागा निर्धास्त वाटते. अडचण निघाली ती वेगळीच. चौकातल्या दगडी फरसबंदीवर बाबागाडीची चाके खडखडू लागली, बाळाला हिसके बसू लागले आणि ते रडू लागले. आजीने नातीला उचलून घेतले, पण तिचा खांदा दुखरा. दहा मिनिटांत तो भरून आला.

"अहो, घ्या जरा हिला," आजी म्हणाली.

"रडेल ती."

"रडू दे. माझा हात उचलत नाही."

आजोबांनी नातीला घेतले. ती रडलीच. तेव्हा आजीने शिक्षिकेच्या अनुभवातून एक साधी युक्ती सांगितली: बाळाचे तोंड आपल्याकडे नको, बाहेरच्या बाजूला करावे, म्हणजे अनोळखी चेहरा समोर राहत नाही आणि आधार मात्र मिळतो. आजोबांनी तसे केले. नातीची पाठ त्यांच्या छातीला टेकली आणि तिच्यासमोर सगळा चौक आला.

वहीतले पहिले स्थळ मनोरा. 1455 च्या सुमारास पूर्ण झालेला हा मनोरा इमारतीच्या बरोबर मध्यभागी नाही, कारण दोन्ही बाजू निरनिराळ्या काळी बांधल्या गेल्या. 1444 मध्ये उजव्या बाजूच्या पायाचा दगड बसवला, तो पुढे बर्गंडीचा सरदार झालेल्या, पण त्या वेळी अवघ्या दहा वर्षांच्या चार्ल्सने. आजोबांनी हे सारे मनोभावे सांगितले. नात कबुतराकडे पाहत होती. मान मागे टाकून 96 मीटर वर पाहणे हे तिच्या वयाचे काम नव्हतेच.

म्हणून ते पश्चिमेकडील घरांच्या ओळीकडे वळले. ही घरे व्यवसायसंघांची. आपल्याकडे प्राचीन काळी व्यापारी व कारागिरांच्या जशा श्रेणी असत, तशाच या युरोपातल्या श्रेणी. घरांना त्या काळी क्रमांक नसत, नावे असत. आणि वाचता येणारे थोडे असल्यामुळे ते नाव दगडात कोरून दारावर बसवीत. पहिल्या दारावर कोल्हा; ते फुटकळ कापडचोपड विकणाऱ्यांचे घर. शेजारी नावाड्यांचे 'शिंग', त्याचा माथा जहाजाच्या मागील भागासारखा. त्यापुढे तिरंदाजांची 'लांडगी'. दोन तान्ह्या बाळांना दूध पाजणारी लांडगी तिथे कोरलेली आहे, रोमच्या दंतकथेतली. मग सुतार व पिंपे करणाऱ्यांचे 'पोते' आणि त्याला लागून 'ढकलगाडी'.

आजोबा बोट दाखवून म्हणू लागले, "हा बघ कोल्हा. हे शिंग. ही लांडगी, हे बाळ, हे दुसरं बाळ. हे पोतं." नातीचे रडे थांबले होते. बोट जिकडे जाई तिकडे तिची नजर जाऊ लागली. मागून आजी हसून म्हणाली, "अहो, ही तर दगडातली अंकलिपीच की!"

तिचे म्हणणे अगदी नेमके होते. ज्यांना अक्षरओळख नाही अशांना घर सापडावे, म्हणून ही चित्रे तेथे आली. मार्गदर्शक पुस्तकांत या घरांची वर्णने शैली आणि शतके यांच्या भाषेत असतात. चित्र हेच घराचे नाव होते, ही गोष्ट अक्षरओळख नसलेल्या पाहुणीमुळे त्या दोघांच्या ध्यानात आली.

'लांडगी'च्या माथ्यावर राखेतून उठणारा फिनिक्स पक्षी आहे. त्यामागे इतिहास आहे. ऑगस्ट 1695 मध्ये, 13 ते 15 तारखेपर्यंत, मार्शल व्हिलरॉयच्या फ्रेंच सैन्याने ब्रुसेल्सवर तोफांचा मारा केला. शहरातली सुमारे चार हजार घरे नष्ट झाली, चौक बेचिराख झाला. मारा ज्याच्या रोखाने होता त्या नगरभवनाच्या भिंती आणि मनोरा मात्र उभे राहिले. पुढल्या पाच-एक वर्षांत श्रेणींनी आपापली घरे पुन्हा बांधली. 1697 मध्ये नगर प्रशासनाने दर्शनी भागाचा आराखडा आधी मंजूर करून घेण्याचे बंधन घातले, म्हणूनच ही निरनिराळ्या मालकांची घरे एका कुटुंबातली वाटतात. नवी घरे बांधतानाही जुनी नावे कोणी सोडली नाहीत.

चौकाच्या कडेला, कमानीखाली, एव्हरार्ट सेरक्लास या नगरवीराचे पितळी शिल्प आहे. 1356 मध्ये त्याने शहर शत्रूच्या ताब्यातून सोडवले आणि 1388 मध्ये त्याची हत्या झाली. शिल्पाच्या हाताला स्पर्श केला की भाग्य लाभते, अशी समजूत आहे. असंख्य हातांनी तो हात सोन्यासारखा उजळला आहे. त्याच शिल्पातल्या एका कुत्र्याचे तोंडही तसेच झळकते. नातीने हात पुढे केला तो कुत्र्यासाठी. आजोबा वाकले, तिने कुत्र्याच्या तोंडावर तळवा थोपटला आणि पहिल्यांदाच मागे मान वळवून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. त्यांनी श्वास रोखून धरला. ती रडली नाही. पुन्हा कुत्र्याकडे वळली.

दहा वाजता पर्यटकांचे जथे येऊ लागले. शेजारच्या गल्लीत वॉफलचा वास दरवळत होता; पिठात अंडे असते म्हणून आजीने घरून आणलेला डबा उघडला, नातीला मऊ नाचणीसत्त्व भरवले. परत येताना बाबागाडी रिकामी होती आणि नात आजोबांच्या खांद्यावर झोपली होती.

संध्याकाळी लेकीने विचारले, "बाबा, काय काय पाहिलंत?"

"पाच घरं आणि एक कुत्रा," आजोबा म्हणाले. वहीतल्या बाकीच्या ओळींवर खूण करायची राहिली होती.

उरलेल्या दिवसांत तिघे आणखी दोनदा चौकात गेले. बाबागाडी घरी ठेवून, कापडी झोळी घेऊन. झोळी आजोबांनी बांधली. नगरभवन आतून पाहणे मात्र झाले नाही. कोल्ह्याच्या दारापाशी गेले की नात आधी बोट दाखवी आणि मग आजोबांकडे पाही, त्यांनी नाव सांगावे म्हणून.