धावणाऱ्यांनी धानाकडे पाहावे
(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली गोंदियाच्या रस्त्यांवर पहाटेपासून धावताना दिसतात. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे. एकेका सेकंदावर गुण ठरतात, म्हणून बाराही महिने तोच वेग, तेच अंतर. इथेच चूक होते. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो आणि थंडीत कधी दहाच्याही खाली उतरतो. जमीन एकच असली तरी शेतकरी बारा महिने रोवणी करीत नाही. शरीराचेही तसेच आहे.

धावताना स्नायूंनी खर्च केलेल्या ऊर्जेचा सुमारे तीन चतुर्थांश भाग उष्णता बनतो. घाम वाळला तरच ती उष्णता बाहेर पडते. नुसता गळून उपयोग नाही. म्हणून श्रावणात ऊन नसतानाही जीव लवकर थकतो. हवाच ओली, तिथे घाम वाळणार कसा? तेव्हा पावसाळ्यात घड्याळाकडे न पाहता श्वासाकडे पाहावे. सोबतच्याशी बोलता येईल इतकाच वेग ठेवावा.

लांब पल्ल्याचा खरा हंगाम म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सायकलसाठी आमगाव, तिरोड्याकडचे सपाट रस्ते तेव्हा उत्तम. बालाघाट रस्त्याने बाघ नदीपर्यंतही जाता येते. मात्र धान निघाले की ते रस्त्याच्या कडेला वाळत घातलेले असते. त्यावरून चाक घसरते. रोवणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेला चिखल तोच घात करतो. गोरेगावच्या पुढे मुरदोलीच्या जंगलात उजाडल्याशिवाय जाऊ नये. तिथे वन्यप्राणी रस्ता ओलांडतात.

उन्हाळ्यात सराव सूर्योदयापूर्वी उरकावा. पण भरतीची तारीख आपल्या हाती नसते. ती उन्हात आली तर? शरीराला उष्णतेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. या काळात घाम लवकर सुटू लागतो, त्यातले मीठ कमी होते आणि रक्तातील पाण्याचा अंश वाढतो. म्हणून आधीचे दोन आठवडे कोवळ्या उन्हात हळूहळू वेळ वाढवावा. नवतपाच्या दुपारी एकदम धावणे म्हणजे सराव नव्हे. काही आठवडे खंड पडला, की ही सवय मोडते, हेही ध्यानात असावे.

धावणारा असंबद्ध बोलू लागला, त्याचा तोल जाऊ लागला, तर ‘थोडे राहिले, पळ’ असे म्हणू नका. त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर गार पाणी ओता, वारा घाला आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये.

एक भरती हुकली तर पुढची येते. ती द्यायला मुलगा धडधाकट घरी परतला पाहिजे.